गिरजाबाईंची पहिली लेक

सरपंचभाऊ, गुरुजी, विठ्ठलभाऊ, मनोहरभाऊ, शांताताई, आणि इथे जमलेल्या आयाबायांनो, गावकरी मंडळींनो,

मला बोलायची सवय नाही. लिहायची आहे. म्हणून मी हे कागदावर लिहून आणलं आहे. चार वेळा लिहिलं, चार वेळा फाडलं. हा पाचवा कागद. 

आपल्या गिरजाबाई गेल्या. आज सातवा दिवस. या शाळेच्या पटांगणात आज जेवढी माणसं बसली आहेत, त्यातली निम्मी तरी त्यांच्या हातावर जन्मली असतील. मीही त्यातलाच. माझी आई सांगते, मी उलटा आलो होतो, पायाकडून. गिरजाबाई मला पुढे नेहमी म्हणायच्या, "सुधाकर, तू तवाच घाबरला होतास. डोकं पुढं घालाले तयार नव्हता." मंडळी, मी अजून तसाच आहे.

ज्यांना मी ठाऊक नाही, बाहेरगावचे पाहुणे आहेत, त्यांना सांगतो. मी सुधाकर. इथल्या आरोग्य केंद्रात रोजंदारीवर आहे. नोंदी लिहितो. दहावीला इंग्रजीत दोनदा नापास झालो, तिसऱ्यांदा बसलो नाही. पण अक्षर बरं आहे आणि लिहिताना चूक होऊ नये म्हणून जीव टाकतो. म्हणूनच पंचायतीने आजचा शोकठराव लिहायचं काम माझ्याकडे दिलं. सरपंचभाऊंनी मला सांगितलं होतं, "पाच ओळी लिव. कायले लांबवतं? जन्म, सेवा, मागं कोण कोण राह्यलं, आन् ईश्वर शांती देवो."

पाचच ओळी आहेत. पण त्यातल्या एका ओळीबद्दल मला तुमच्याशी बोलायचं आहे. ती ओळ म्हणजे त्यांच्या लेकरांची. साऱ्या गावाला माहीत आहे, गिरजाबाईंना तीन लेकरं. विठ्ठलभाऊ, मनोहरभाऊ, शांताताई. ठरावात चार लिहायचं, असं गिरजाबाईंनी मला सांगून ठेवलं होतं. मी त्यांना हो म्हटलं होतं. आणि त्या गेल्यावर, पहिल्यांदा कागद पुढे ओढला तेव्हा, मी तीन लिहिलं.

भीतीने लिहिलं. दुसरं काही कारण नाही.

आता कुठून सुरू करू? आरोग्य केंद्रापासूनच करतो.

आपल्याकडे तेव्हा डॉक्टरीणबाई होत्या. दक्षिणेकडच्या. आता त्यांची बदली झाली. त्यांना मराठी बोललेलं अर्धंमुर्धं कळायचं, वाचता मात्र येत नव्हतं. म्हणून बाळंतपणाला येणाऱ्या प्रत्येक बाईची माहिती मी त्यांच्यासाठी एका वेगळ्या वहीत इंग्रजीत लिहायचो. नाव, गाव, वय, आणि मग एक पूर्ण वाक्य, की हे या बाईचं कितवं बाळंतपण. त्या आधी वही वाचायच्या, मग बाईला तपासायच्या.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझी वही लाल करून ठेवली. मी 'फर्स्ट डिलिव्हरी', 'सेकंड डिलिव्हरी' असं लिहायचो. त्या प्रत्येक आकड्याच्या आधी लाल शाईने 'द' घालायच्या. 'द फर्स्ट'. 'द सेकंड'. मला फार लाज वाटली. दोन दिवस धीर केला आणि विचारलं, "मॅडम, हा 'द' कशाला?" त्या त्यांच्या हिंदीत म्हणाल्या, ज्याला पहिला, दुसरा, तिसरा असा नंबर लागला, तो एकच असतो. त्या नंबरावर दुसरा कोणी बसू शकत नाही. 'द' म्हणजे तोच, ठरलेला. म्हणून विसरायचा नाही.

मी विसरू नये म्हणून येता-जाता घोकायचो. गिरजाबाई केंद्रातही बाळंतपणं करायला यायच्या; एकदा केंद्राच्या मागे बोरिंगवर त्या आपल्या दाईपेटीतली कात्री घासत होत्या. मी पाण्याची बादली धरून पुटपुटत होतो. द फर्स्ट, द सेकंड, द थर्ड.

त्यांनी मान वर केली. "काऊन रे, धानाच्या मिलवानी द-द-द काय करून राह्यला?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तसंच. त्यांनी कात्री पाण्यात धरून ऐकलं. मग म्हणाल्या, "म्हंजे धानाच्या बांधीत रोवण्याच्या ओळीत पयली बाई, दुसरी बाई, तसं?"

"हो."

"मंग दुसरी बाई उठून लेकराले पाजाले गेली, तं तिसरी सरकून दुसरी होते ना? मंग तुहा 'द' कुठी गेला?"

त्या हसल्या. "तुह्या डॉक्टरीणबाईले रोवण्याले घेऊन ये एक दिवस. चिखलात उभी कर. मंग समजन."

अशा होत्या. तुम्ही सगळे हसता आहात, हसा. त्यांना आवडलं असतं. वडशाकडची नाटक कंपनी आपल्या गावात आली होती, आठवतं? नाटकातली बाई बाळंत होत होती, आडवी पडून रडत होती, आणि आपल्या गिरजाबाई पुढच्या रांगेतून ओरडल्या, "अवो बाई, पाय तिकडं केले तं लेकरू पेटीवाल्याच्या मांडीवर येईन ना!" पेटीवाल्याला पुढचं गाणं वाजवता येईना.

आता जे सांगायचं आहे ते सांगताना मला जड जातं. सुनंदाताई इथे बसल्या आहेत. त्यांच्या घरी जाऊन, त्यांना विचारूनच मी हे बोलतो आहे. त्या म्हणाल्या, "सांग. माह्यासारखी आणखी कोणी असन, तिच्या कामी येईन."

चार वर्षं झाली. धान निसवत होतं तेव्हाची गोष्ट. सुनंदाताईंना त्यांच्या सासूबाई बैलगाडीतून केंद्रात घेऊन आल्या. कळा नुकत्याच सुरू झाल्या होत्या. मी वही उघडली. विचारलं, "कितवी खेप?"

सासूबाई म्हणाल्या, "पयलीच."

मी लिहिलं. सुंदर अक्षरात लिहिलं. 'द' घालून लिहिलं.

डॉक्टरीणबाईंनी वही वाचली. पहिलंच बाळंतपण आहे, कळा आत्ता लागल्या आहेत, म्हणजे अजून पुष्कळ वेळ आहे. त्या दिवशी तालुक्याला ऑपरेशनचं शिबिर होतं. त्या जीप घेऊन गेल्या, दुपारी परत येते म्हणाल्या. नर्सबाई लसी आणायला बसने गेल्या होत्या. केंद्रात राहिल्या गिरजाबाई, सुनंदाताई, त्यांच्या सासूबाई आणि दाराबाहेर मी.

तासाभरात बाळ आलं. इतक्या घाईने आलं की गिरजाबाईंना हात धुवायलाही वेळ मिळाला नाही, आणि हात न धुता त्यांनी कधी कोणाला हात लावला नव्हता. बाळाच्या गळ्याभोवती नाळ होती. ते रडलं नाही. आणि मग रक्त थांबेना. गिरजाबाईंनी एका हाताने पोट दाबून धरलं, दुसऱ्या हाताने आतून. मला ओरडून सांगत होत्या, हे दे, ते दे, पाणी आण, खाटेचं पायथं उंच कर, विटा लाव. मी विटा लावल्या. जीप परत येईपर्यंत त्यांनी हात काढला नाही. सुनंदाताई वाचल्या. डॉक्टरीणबाईंनी नंतर मला सांगितलं, तो हात निघाला असता तर ही बाई गेली असती.

पण बाळ गेलं. मुलगा होता.

डॉक्टरीणबाईंनी वही पुन्हा उघडली. माझी ओळ वाचली. खाटेकडे वळून हिंदीत विचारलं, "पहला था?" सुनंदाताई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. त्या म्हणाल्या, "तिसरा."

आधीचे दोनही असेच गेले होते. घाईने आले, आणि गेले.

मंडळी, तुम्हाला मी काय सांगू? तुम्हाला माहीत आहे. आपल्याकडे गेलेलं लेकरू मोजत नाहीत. त्याचं नाव घेत नाहीत, त्याचा आकडा घेत नाहीत. सासूबाई खोटं बोलल्या नव्हत्या. त्या रडत सांगत होत्या, "गेल्याचं नाव काढलं तं येणाऱ्यावर सावली पडते. म्हणून नाई सांगतलं. चांगल्यासाठीच नाई सांगतलं." आणि डॉक्टरीणबाई म्हणत होत्या, तिसरं आहे, आधीचे दोन गेले आहेत, एवढं कळलं असतं तर मी हिला माझ्याच जीपमध्ये घालून चंद्रपूरला पाठवलं असतं. त्या मला रागावल्या नाहीत. वही बंद करून बाहेर जाऊन उभ्या राहिल्या.

त्या ओळीत एकही लाल खूण नव्हती. पूर्ण वहीत तेवढीच एक ओळ अशी होती, जिच्यात माझी काही चूक निघाली नव्हती. मी ती किती वेळा वाचली, सांगता येत नाही.

संध्याकाळी गिरजाबाई बोरिंगवर कात्री धूत होत्या. मी जवळ जाऊन उभा राहिलो. मला रडू येत होतं. म्हटलं, "बाई, मी चूक लिहिलं."

त्या म्हणाल्या, "तू चूक नाई लिवलं. तू चूक इचारलं. कितवी खेप म्हटलं का बाई अंगणात पायते, कितीक लेकरं खेळून राह्यले ते मोजते. आन् मी काय करत होती? चाळीस साल झाले दाईपणाले, मीबी तेच इचारत होती."

थोडा वेळ त्या पाणी ओतत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्या दिवशी म्या तुले रोवण्याचं सांगतलं ना? बाई उठून गेली का मागची सरकते म्हणून? ते रांगेत होते, पोरा. पोटात नाई होत."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी प्रश्न बदलला. या पटांगणातल्या कितीतरी बायांनी तो ऐकला असेल. गिरजाबाई आधी सासूला बाहेर पाठवायच्या, चहा सांगायला म्हणून. मग बाईच्या जवळ बसून, तिच्या पायाला तेल लावता लावता विचारायच्या, "अंगणात किती खेळते ते नोको सांगू बाई. पोटात किती राह्यले ते सांग." काही जणी लगेच सांगायच्या. काही जणी रडायच्या, मग सांगायच्या. एक जण, नाव घेत नाही, दोन तास काही बोलली नाही आणि निघताना दारातून परत आली, पाच बोटं दाखवली आणि गेली. तिच्या अंगणात दोन होते.

आणि बाहेर येऊन गिरजाबाई मला आकडा सांगायच्या. मी लिहायचो. मी लिहीत असताना त्या वहीवर वाकून पाहायच्या. त्यांना वाचता येत नव्हतं, पण तो 'द' त्यांनी ओळखून ठेवला होता. त्यावर बोट ठेवायच्या आणि म्हणायच्या, "हा लावला ना?"

सुनंदाताईंना पुढे मुलगी झाली. चंद्रपूरला झाली, वेळेवर नेलं म्हणून झाली. आज ती त्यांच्या मांडीवर बसली आहे आणि माझ्याकडे पाहून जांभया देते आहे. वहीत तिची ओळ आहे. द फोर्थ. ते मी अंगणात पाहून लिहिलेलं नाही.

आता गिरजाबाईंचं.

दोन वर्षांपूर्वी सरकारने दाईंचं शिक्षण ठेवलं, मूल गावी, आठ दिवसांचं. गिरजाबाईंना जायचं नव्हतं. "मले काय शिकवते? माह्या हातानं तुह्या डॉक्टरीणबाईएवढे शंभर जन्मले." पण नवी पेटी मिळणार होती आणि नव्या पेटीला कडी होती, म्हणून आल्या. त्यांचा फॉर्म भरायला मी सोबत गेलो.

तिसऱ्या दिवशी तिथल्या डॉक्टरांनी नाळेचा धडा घेतला. मी मागे बसलो होतो. त्यांनी सांगितलं, विळ्याने, कुऱ्हाडीच्या पात्याने, बांबूच्या काडीने नाळ कापली, वर शेण लावलं, की त्यातून विष जातं. मग सातव्या-आठव्या दिवशी बाळ दूध तोडतं, जबडा आवळतो, अंग धनुष्यासारखं होतं. लोक म्हणतात सटवीनं नेलं. सटवी वगैरे काही नाही, तो धनुर्वात असतो, ब्लेड उकळलं असतं तर झाला नसता.

गिरजाबाई उठल्या आणि बाहेर गेल्या. डॉक्टरांना वाटलं, लघवीला गेल्या असतील.

मी बाहेर गेलो तेव्हा त्या पायरीवर बसल्या होत्या. मला काय करावं कळेना. मला काही कळलं नाही की मी कागद काढतो. मी त्यांचा फॉर्म काढला आणि म्हटलं, "बाई, एवढा भरून टाकू." नाव, गाव, अंदाजे वय. पुढे रकाना होता, स्वतःची अपत्ये.

"तीन," त्या म्हणाल्या. "इठ्ठल, मनोहर, शांता."

मी लिहायला गेलो आणि थांबलो. मंडळी, त्या क्षणी माझ्यात कुठून हिंमत आली, मला माहीत नाही. मी म्हटलं, "बाई, पोटात किती राह्यले?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं आता मारतात. "माहाच प्रश्न मलेच इचारतं?"

समोरून एक बस गेली. धूळ बसली. मग त्या बोलल्या.

पहिली मुलगी होती. गिरजाबाई तेव्हा सोळा वर्षांच्या असतील. धान कापणीचे दिवस होते. माहेरी होत्या. त्यांच्या आईनेच बाळंतपण केलं. "माह्या मायनंच नाळ कापली. इळा होता हाती, बांधीतून आली होती. पदराले पुसला, आन् कापली. चांगली पोरगी होती, सुधाकर. केस होते डोक्यावर. आठव्या दिवशी दूध तोडलं. अकराव्या दिवशी गेली. बाराव्या दिवशी बारसं होतं."

मी विचारलं, "नाव?"

"बारसंच नाई झालं, तं नाव कुठून येईन?"

मग म्हणाल्या, "सटवीनं नेली म्हणे लोकं. मीबी तेच म्हणे. माय मरेपर्यंत तेच म्हणत मेली. बरं झालं मेली. हे आजचं तिनं आयकलं असतं, तं कशी जगली असती?"

मी फॉर्मवर चार लिहिलं. त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, "तुह्या त्या वहीत लिवते तसं लिव तिले. ते अक्षर लावून. नाव नाई तिचं, पण नंबर तं हाये ना? तो नंबर तिचाच. इठ्ठलचा नाई."

फॉर्म मराठीत होता. त्यात ते बसत नव्हतं. माझ्या खिशात छोटी वही असते, तिच्या कोऱ्या पानावर मी इंग्रजीत लिहिलं. द फर्स्ट. त्याखाली मराठीत, गिरजाबाईंची मुलगी. त्यांनी त्या पानावर बोट ठेवलं. मग उठल्या, नळावर तोंड धुतलं आणि परत धड्याला जाऊन बसल्या. उरलेले दिवस त्या सगळ्यांत पुढे बसायच्या. डॉक्टर ब्लेड किती वेळ उकळायचं ते सांगायचे, आणि ह्या विचारायच्या, "पुन्यांदा सांगा. किती वेळ?" रोज विचारायच्या. बाकीच्या दायांना वाटलं, म्हातारीला ऐकू येत नाही.

तुमच्या घरी पेटी घेऊन आल्या की चुलीवर आधी पाणी ठेवा म्हणून भांडायच्या, तेव्हा तुम्ही म्हणायचात, मूलवरून आल्यापासून म्हातारी फार सोवळी झाली. त्याचं कारण हे होतं. आज तुम्हाला सांगितलं.

यंदा थंडीत त्या आजारी पडल्या. मी जायचो. एकदा घरात कोणी नव्हतं, शांताताई पाण्याला गेल्या होत्या. म्हणाल्या, "सुधाकर, मी मेल्यावर कागद तूच लिवशीन. गावात दुसऱ्या कोणाचं अक्षर हाये? मागं कोण राह्यलं, ते लिवतेत ना? तिथी चार लिव. आतापर्यंत म्या साऱ्या बायाले बोलतं केलं, आन् माही पोरगी तेवढी लपवली. बरं नाई ते."

मी म्हटलं, "बाई, विठ्ठलभाऊंना तुम्हीच सांगा ना."

"त्याले मी काय सांगू? जनमभर त्याले थोरला म्हटलं."

मी हो म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा हो म्हटलं.

आणि मग मी तीन लिहिलं, हे मी तुम्हाला आधीच सांगितलं. मला वाटलं, दुःखाच्या घरात हे काढायचं? विठ्ठलभाऊंनी आईला अग्नी दिला तो थोरला मुलगा म्हणून, आणि मी चार दिवसांत येऊन म्हणायचं, तुम्ही थोरले नाही? माझी आई म्हणाली, "तुले काय करायचं? मेल्या माणसाले दिसते काय कागद?" तिचं म्हणणं मला पटलं. मी घडी घालून कागद खिशात ठेवला. रात्री झोप नाही. सकाळी कागद फाडला. असे कागद फाटत गेले.

परवा मी विठ्ठलभाऊंकडे गेलो. ते गोठ्यात होते. मी सगळं सांगितलं. ते शेण ओढत राहिले. मग फावडं ठेवलं.

"चवथं? तू कुठून आणलं चवथं?"

"तुमच्या मायनं सांगितलं, भाऊ."

"मले नाई सांगतलं. तुले सांगतलं. तू कोण? फारमं भरणारा."

खरंच होतं ते.

"मंग मी थोरला नाई?"

"घरात थोरलेच, भाऊ. कागदावर दुसरे."

ते दावणीवर बसले. मला वाटलं, आता जा म्हणतील. ते बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "लहानपणी पाव्हणे येत घरी. म्हणत, गिरजे, नशीबवान हायेस, पयल्याच खेपेले पोरगा झाला. माय उठून चुलीकडं जाये. दरवेळेस जाये. एक शब्द नाई बोले. मले वाटे, माहीच दिष्ट काढाले जाते. मले लय बरं वाटे, सुधाकर. माय मले इतकं जपते म्हणून."

मी तिथेच उभा होतो. बैल चारा खात होता.

मग त्यांनी फावडं उचललं. म्हणाले, "चार लिव. आन् वर तिले लिव. मंग मले."

तर मंडळी, आता मी ठराव वाचतो. सरपंचभाऊ, पाचच ओळी आहेत.

आपल्या गावच्या दाई गिरजाबाई यांचे आजारपणाने निधन झाले. त्यांनी चाळीस वर्षांहून अधिक काळ या गावातल्या आणि आसपासच्या गावांतल्या माताभगिनींची सेवा केली. त्यांना चार अपत्ये झाली: पहिली मुलगी, जी अकरा दिवसांची असताना नाव ठेवण्याआधी गेली, दुसरे विठ्ठल, तिसरे मनोहर आणि चौथी शांता. त्यांच्या जाण्याने गावाचे कधीही भरून न येणारे नुकसान झाले आहे. त्यांच्या स्मृतीला हे गाव विनम्र अभिवादन करीत आहे.

वाचून झालं. चूक असेल तर मला नंतर सांगा, मी दुरुस्त करीन. तिसऱ्या ओळीत मात्र करणार नाही.

आता आपण दोन मिनिटं उभं राहू या. अशा वेळी गेलेल्या माणसाचं स्मरण करतात, ते आपण करूच. पण माझी एक विनंती आहे, विशेषतः आयाबायांना, आणि बाप्या माणसांनाही. तुमच्या घरातलं जे कोणी आजवर मोजलं गेलं नाही, त्याला या दोन मिनिटांत मनातल्या मनात त्याच्या नंबरावर बसवा. कोणाला सांगायचं नाही. शेजारच्याकडे पाहायचं नाही. कोणी वही घेऊन बसलेलं नाही.

माझ्या आईनेही मोजावं. माझा नंबर कितवा, ते मी विचारणार नाही.

उभे राहू या.